कॉलेजनं केजला काय दिलं?

३ ऑगस्ट २०१५, केज
आमच्या कॉलेजमुळं गावच्या बाजारपेठेला फायदा किती — विद्यापीठाला कळवायचंय! प्राचार्य महारुद्र सर म्हणाले, "तुम्ही अर्थशास्त्राच्या. तुम्हीच करा. आकडा चांगला आला तर एम.ए.चा वर्ग मिळेल." नाही आला तर? त्यांनी पुढची फाईल ओढली. मी तासिका तत्त्वावर. कळलं काय ते.

५ ऑगस्ट
गेटसमोरच्या उत्तरेश्वरच्या हॉटेलपासून सुरुवात. बाकं पोरांनी भरलेली, मला उभं राहावं लागलं. विचारलं — मुलांमुळं धंदा किती होतो? "धंदा? काय न्हाई मॅडम. पोरं नुस्ती पाणी पितात. तेबी टँकरचं!" त्याची बायको केशरबाई भजी तळता तळता तोंडाला पदर लावून हसली.

६ ऑगस्ट
मेसवाल्या वत्सलाबाई — "तोट्यात हाय बाई, पुण्य म्हणून चालवते." झेरॉक्सवाला — "मशीन शोभेला ठेवलंय." संध्याकाळी उलगडा झाला. बाजारात बोभाटा — मी इन्कमटॅक्सची!

११ ऑगस्ट
बेरीज झाली. कॉलेजमुळं केज बुडतंय! सरांनी दोनदा वाचलं. "हे पाठवलं तर कुलूप लावतील, मॅडम."

१४ ऑगस्ट
कुलूप आधीच लागलं. पाऊस नाही, हॉस्टेलचा बोअर आटला. पोरं आपापल्या गावी धाडली.

२१ ऑगस्ट
गेटसमोर चिटपाखरू नाही. हॉटेल बंद. वत्सलाबाई ओट्यावर बसून एसटीच्या वाटेकडं बघतात. मलाही करमत नाही.

२४ ऑगस्ट
सकाळीच सगळे माझ्या दारात! "मॅडम, ते फारम परत भरायचेत." आता जो तो फुगवून सांगतोय — बेरीज साखर कारखान्याच्या उलाढालीच्या वर गेली! मी वैतागले. "खरं काय ते सांग, उत्तरेश्वर." त्यानं मान खाली घातली. "पोरं न्हाईत तर हाटेल कशाला उघडायचं? एवढंच लिवा."
तेवढंच लिहिलं.

२७ ऑगस्ट
दुष्काळानं ऊसच नाही, म्हणून साखर कारखान्याचे पाण्याचे टँकर उभेच होते. दुकानदारांनी चेअरमनला गाठलं. कारखान्याच्या तळ्यातलं पाणी, रोज दोन खेपा हॉस्टेलला! पोरं परतली. उत्तरेश्वरनं पहिला चहा फुकट पाजला. दुसऱ्याचे पैसे घेतले.

३१ ऑगस्ट
केशरबाई आज बी.ए.ला नाव घालायला आली. बारावी पास आहे — मला पत्ताच नव्हता! मागं उत्तरेश्वर, माझी नजर चुकवत.
"मलाबी न्हवतं ठावं, मॅडम. गिऱ्हाईक न्हवतं, दोघंच बसून होतो... तवा बोलली."