बोळातला फेस

बा, तुला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत नाही, तेव्हा आपलं दोघांचं जमायला हरकत नाही. दुसरीपर्यंत शाळा झाली, तेवढ्या भांडवलावर लिहिते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या नातवाला मिशी फुटली. एवढ्या काळात तुझ्याशी बोलावं असं कधी वाटलं नाही, कारण तू जिवंत होतास तेव्हाबी दिवसाला चार शब्दांच्या वर जात नव्हतास. पण गेल्या महिन्यातल्या एका रविवारची किळस अजून तोंडात आहे, थुंकली तरी जात नाही. आणि ती ज्याला कळेल असा माणूस या बजाजनगरात मला सापडला नाही.

मी आता थोरल्या लेकाकडं राहते. कंपनीत सुपरवायझर आहे तो. ओळीनं घरं आहेत, पुढं रस्ता, मागं बोळ. बोळ चांगला रुंद, कचऱ्याची गाडी जाईल एवढा, आणि त्याच्या कडेनं उघडं गटार. ते खाली नाल्याला मिळतं. थोरल्यानं पांढरी गाडी घेतली आहे. दर रविवारी तिला आंघोळ. पायप लावायचा, शाम्पू ओतायचा, खालच्या अंगाला तेल काढायचं कसलंसं औषध मारायचं, वास असा की भाकरी गिळवत नाही. नळाला पाणी येतं त्या दिवशी आमच्या घरात तांब्या-वाटीसुद्धा भरून ठेवतात, आणि हा गाडीवर धार धरून उभा, सोबत मोबाइलवर गाणी.

मग सोसायटीनं नियम केला. माझाच लेक सचिव. त्यानंच बोर्ड लिहून आणला आणि त्यानंच खिळे मारले. अक्षराला अक्षर लावून मी वाचलं: रस्त्यावर पायपानं गाडी धुवू नये, साबणाचं आणि तेलाचं पाणी नाल्यात सोडू नये, बादली आणि फडकं वापरावं, नाहीतर दंड. मला बरं वाटलं. म्हटलं, याच्या पोटात कुठंतरी याचा आजा उतरलाय. पुढच्या रविवारी बघते तर गाडी मागच्या बोळात, पायप खिडकीतून बाहेर काढलेला.

"काय रे, बोर्ड तूच लावला ना?"

"बोर्डावर रस्ता लिहिलंय आई. बोळ नाय लिहिलं."

"आणि नाला लिहिलंय ते?"

"पाणी गटारात जातं. नाल्यात कुठं जातं?"

"मग गटार कुठं जातं? काशीला?"

तो हसला. त्याचं बघून आणखी तीन घरांनी गाड्या मागं घेतल्या. पुढून बघितलं तर कॉलनी धुतल्या तांदळासारखी, आणि मागं गटारातून दुधासारखा फेस वाहतो आहे.

तुला आठवतं का, देवगावात कातरणीच्या आधी आपण मेंढरं नदीवर धुवायला न्यायचो? लोकरीत वर्षाचा मळ, काटे, गोचिड्या. माणसं वरच्या डोहावर पाणी भरायची, त्याच्या खाली जनावरं प्यायची, त्याच्याही खाली आपली मेंढरं उतरायची. आणि पहिलं मेंढरू पाण्यात घालायच्या आधी तू काठावर उभा राहून खालच्या अंगाला हाळी द्यायचास, "खाली कुणी हाय का?" उत्तर नाही आलं तरी एक जण वळणापर्यंत जाऊन बघून यायचा. एके वर्षी चुलत्यानं घाई केली. तू येतोस तर निम्मी मेंढरं पाण्यात, आणि वळणाच्या पल्याड भिल्लाच्या दोन बाया झऱ्याला पाणी नाही म्हणून नदीतच घागरी बुडवत आहेत. तू सगळी मेंढरं ओली-सुकी बाहेर काढलीस. खाली गेलास, बायांच्या घागरी रिकाम्या केल्यास, वरच्या डोहावर जाऊन भरल्यास आणि स्वतःच्या खांद्यावरून त्यांच्या पालापर्यंत पोचवल्यास. काठावरचे गडी हसत होते. धनगर बायांचं पाणी भरतो म्हणून. तू तसाच परत आलास, ओला, आणि मला म्हणालास, "जा, हाळी दे." त्या दिवशी पहिल्यांदा हाळी मी दिली. माझा आवाज फाटला होता.

आता तू म्हणशील, नाल्याच्या खाली कोण होतं. होतं, बा. कॉलनी संपते तिथल्या मोकळ्या जागेत दिवाळीनंतर एक धनगर जोडपं मेंढरं घेऊन उतरलं होतं. गंगापूरकडून आलेलं. मी संध्याकाळी जाऊन त्यांच्यात बसायची. ती बाई मला मावशी म्हणायची आणि मेंढीच्या दुधाचा चहा द्यायची. सून म्हणायची, "आत्या, तुमच्या लुगड्याला वास येतो." मी म्हणायची, "लुगड्याला नाय, मलाच येतो, जन्मापासून." मेंढरं त्या नाल्याच्या डबक्यावर प्यायची. मी तिला सांगितलं, रविवारचं पाणी पाजू नको. ती म्हणाली, मावशी, मेंढराला वार कळतो का?

एक गाभणी मेंढी पोट फुगून मेली. दुसरीनं कोकरू टाकलं. कशानं, ते बघायला कुणी डॉक्टर आला नाही, तेव्हा मीबी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण मेल्या मेंढीच्या नाकाशी मी वास घेतला. तो वास आमच्या बोळातला होता.

आणि मग सोसायटीची मीटिंग भरली. मला वाटलं, लाज वाटली असंल लोकांना. कसली लाज! मेंढरांमुळं नाला घाण होतो, मेलेल्या जनावराचा वास येतो, पर्यावरणाचा प्रश्न आहे, म्हणून त्या दोघांना हलवायचं असं ठरत होतं. माझा लेक चष्मा लावून वाचत होता: सोमवारपर्यंत जागा मोकळी करावी. मी मागच्या खुर्चीवर होते, उठले.

"नाला घाण कोण करतं ते आधी लिही."

शेजारच्या टकल्यानं मला समजावलं. "आजी, आमचा शाम्पू तसला नाही. निसर्गाला चालणारा आहे. बाटलीवर हिरवं पान आहे बघा."

"पान बघून शेळी तोंड लावते, बाबा. तू माणूस हायस. चांगला असंल तर दोन घोट पिऊन दाखव."

बाया पदरात हसल्या. टकल्याचं तोंड पडलं. पण हात वर करा म्हटल्यावर त्याच बायांचे हात वर गेले, आमच्या सुनेचाबी. हसू एकीकडं आणि हात एकीकडं. मला त्या हातांची एवढी शिसारी आली की रात्री सुनेनं वाढलेलं ताट मी तसंच सरकवलं.

रविवारी पुन्हा चारी गाड्या बोळात. धनगराला सोमवारी जायचं आहे, मेंढरं अजून खालीच आहेत, आणि यांचे पायप सुरू. मी कुंड्यांसाठी आणलेलं मातीचं पोतं ओढत नेलं, नाल्याच्या तोंडाशी गटारात आडवं टाकलं, वर चार दगड, आणि त्यावर मी बसले. बांध घालायला काही शाळा लागत नाही. थोड्या वेळानं फेस तुंबला आणि माघारी फिरला. आमचं घर उतारावरचं शेवटचं, त्यामुळं पहिला मान आमच्या मोरीला.

सून नाकाला पदर लावून बाहेर आली. "आत्या, स्वयंपाकघरात वास येतोय!"

"येऊ दे. आपलाच आहे."

लेक आला. आधी हळू बोलला, मग मोठ्यानं, मग लोक बघतात म्हणून पुन्हा हळू. "आई, ऊठ. पोतं काढ. तमाशा होतोय." मी म्हटलं, बादली आण, फडकं आण, हे पाणी उपस आणि दूर मातीत नेऊन टाक, मग बघू. टकला म्हणाला, म्हातारीचं डोकं फिरलंय. फिरलं असंल. लेक मात्र शेवटी पँट वर करून बसला आणि बादलीनं आपलंच पाणी उपसू लागला. चेहरा असा, जसा काय दुसऱ्याची घाण काढतोय.

तेवढ्यात ती धनगरीण वर आली. पाठीवर बोचकं, मागं नवरा मेंढरं हाकत. सोमवारची वाट बघितली नव्हती त्यांनी. तिनं तुंबलेला फेस बघितला, पोतं बघितलं, मला बघितलं. म्हणाली, "मावशी, आता कशाला? आमाला इथलं पाणीच नको." रागानं नाही, सांगायचं म्हणून. माझ्या पाया पडली आणि निघाली.

कॉलनीत आता मला घाबरतात. म्हातारी संध्याकाळपर्यंत जागची हलली नाही, असं सांगतात एकमेकांना. लेक आता गाडी पुढच्या मातीवर उभी करून बादली-फडक्यानं पुसतो, किती रविवार पुसंल देव जाणे. पण तुला खरं सांगते, कारण हा कागद मी कुणाच्या हाती देणार नाही. ती निघाली तेव्हा मला तिच्या मागं जायचं होतं. नाक्यापर्यंत तरी, मेंढरांच्या संगं, भाकरी-चटणी हातात देऊन. पण ओल्यात बसून माझे गुडघे धरले होते, उठताच येईना, आणि लेकाला हात दे म्हणायची लाज वाटली. तिनं नाक्यावर एकदा वळून बघितलं. तिला वाटलं असंल, बंगल्यातली म्हातारी, निरोपाला उठलीसुद्धा नाही.