चुकीच्या खाटेपाशी नऊ दिवस

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघे आखडल्यामुळे आठांपैकी सहाच अंगांनी घडला, उरलेली दोन मनाने वाकली आहेत.) तुझा खोकला कसा आहे? औषध घेतेस की बाटली नुसती उशाशी ठेवतेस? इकडे मी आणि माझ्या दुकानात दुरुस्तीला आलेली, एकमेकांशी अजिबात न पटणारी सव्वीस घड्याळं खुशाल आहोत. पत्र लिहायला खास कारण नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे तू काळजी न करता शेवटपर्यंत वाचशील.

गेल्या महिन्यात आमच्या प्रार्थनामंडळाच्या प्रमुखांनी माझ्यावर एक कामगिरी सोपवली. मंडळातले निवृत्त गायनमास्तर घरात घसरून पडले होते आणि इस्पितळात होते. त्यांना रोज भेटायचं, प्रार्थना म्हणून दाखवायची आणि रविवारी मंडळाला त्यांची खुशाली सांगायची. मला अगदी धन्य वाटलं. (प्रमुखांनी हे सगळ्यांदेखत सांगितलं, म्हणून जरा जास्तच. तुझ्यापासून काय लपवायचं.) मास्तर नवीन आलेले. ते पहिल्या रांगेत बसतात, मी पाचव्या. त्यामुळे त्यांची पाठ मी कुठेही ओळखली असती, चेहऱ्याची मात्र खात्री नव्हती. त्यात मला चष्मा लागलाय, हे मी दोन वर्षं कोणाला कळू दिलं नव्हतं. दुकानात डोळ्याला भिंग असतं, तिथे निभून जातं. चिठ्ठीवर प्रमुखांनी खाट क्रमांक १६ लिहिला होता. मी तो १९ वाचला.

एकोणीस नंबरच्या खाटेवर (सोळा नंबर पलीकडच्या खोलीत होता, हे नंतर कळलं) एक धिप्पाड गृहस्थ होते. जबडा मोडलेला, दात तारेने बांधलेले, हनुवटीपासून टाळूपर्यंत पट्ट्या. बोलणं बंद, हातात पाटी. मास्तरांना एवढं लागलंय हे पाहून मला भरूनच आलं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि प्रार्थना सुरू केली. (तोंडपाठ. पुस्तक आपलं शोभेला समोर धरलेलं.) त्यांनी पाटीवर काहीतरी लिहिलं. मी डोळे बारीक करून वाचलं, ‘कृपा तुमची’. म्हटलं, अहो, कृपा माझी कसली, वरच्याची. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘पुढे’. एवढी गोडी पाहून मी आणखी पाऊण तास पुढे म्हणत राहिलो. ते मान हलवत होते. कोणत्या दिशेला, ते मी नीट पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी प्रमुखांनी सांगितलेलं आठवलं, की मास्तरांची मुलगी परगावी असते. मी सिस्टरना विचारलं, “ह्यांच्या मुलीला कळवलंत का?” त्या म्हणाल्या, “कळवायचं नाही, असं त्यांनीच लिहून दिलंय.” मी म्हटलं, “मुलीला उगाच त्रास नको म्हणून लिहिलं असेल. मी त्यांच्या भावासारखा आहे, द्या नंबर.” मी इतका मागे लागलो, की त्यांनी शेवटी कंटाळून दिला. फोनवर मुलीला सांगितलं, की तुमचे वडील तुमची फार आठवण काढतात. (साफ खोटं. त्यांनी अक्षरानेही काढली नव्हती.) मग तिने विचारलं, “खरंच काढतात?” मी म्हटलं, “सारखी.”

दुसऱ्या दिवशी ती आली. खाटेजवळ बसली आणि बोलायला लागली. आई आजारी होती तेव्हा तुम्ही कामावरून हलला नाहीत, हे मी बोलून दाखवलं म्हणून तुम्ही मला घराबाहेर काढलंत, असं काहीसं. गृहस्थांनी दोनदा उठायचा प्रयत्न केला, घशातून आवाजही काढला, पण तारेपुढे काही चालेना. तासभर ती बोलली आणि तासभर त्यांना ऐकावं लागलं. शेवटी त्यांनी पाटीवर एकच शब्द लिहिला. मला वाटलं चहा मागताहेत, म्हणून मी आणायला गेलो. परत आलो तर दोघं एकमेकांना धरून रडत होती.

रविवारी मी मंडळात उभा राहून हे सगळं रंगवून सांगितलं. मास्तरांना अजून एक शब्दही बोलता येत नाही, असं म्हणालो, तोच मागच्या दारातून खणखणीत आवाज आला, “मला उत्तम बोलता येतं. माझा पाय मोडलाय. आणि नऊ दिवसांत मला बघायला एक माणूस आला नाही.” त्याच सकाळी इस्पितळातून सुटलेले मास्तर कुबड्यांवर उभे होते. ताई, त्या वेळी जमीन दुभंगून मला पोटात घेती तर मी तिचे आभार मानले असते.

सोमवारी सकाळी चष्मा केला आणि दुपारी इस्पितळात जाऊन एकोणीस नंबरची माफी मागितली. मुलगी तिथेच होती. हसून हसून तिने सांगितलं, की बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, देवबीव मानत नाहीत, आणि पहिल्या दिवशी पाटीवर होतं ‘कोण तुम्ही’, दुसऱ्या दिवशी ‘पुरे’. चहा कोणी मागितलाच नव्हता. तो शब्द ‘चुकलो’ होता. “सहा वर्षांत मी चार वेळा हे बोलायला गेले,” ती म्हणाली, “दर वेळी दुसऱ्या वाक्याला बाबा ओरडायचे आणि मी निघून यायचे.” मग बाबांनी पाटी माझ्यासमोर धरली. चष्म्यातून स्वच्छ दिसलं, ‘उद्या या. प्रार्थना थोडक्यात.’

तिथून मास्तरांच्या घरी गेलो. हे सगळं सांगितलं आणि मान खाली घालून बसलो. मनात मात्र, खरं सांगतो, जरा ऐट होती, की बघा, माझ्या हातून देवाने केवढं काम करून घेतलं. मास्तरांनी ती बरोबर ओळखली. म्हणाले, “चुकीचं सोनं देवाने केलं, ते त्याचं कौशल्य. तुमच्या वाट्याची नुसती चूक आहे, तेवढी नीट कबूल करा.” मी केली. चष्म्याची, खोट्या फोनची, रंगवून सांगण्याची, आणि नऊ दिवस दाराकडे बघत पडलेल्या त्यांच्या एकटेपणाची. त्यांनी कुबड्या जवळ ओढल्या. मग म्हणाले, “माझे नऊ दिवस एका मुलीच्या कामी आले म्हणायचे. चला, मलाही दाखवा तो माणूस.”

आता रोज चार वाजता आम्ही दोघं एकोणीस नंबरकडे जातो. मास्तर गातात, ते पाटीवर ताल धरतात, मी गप्प बसतो. सगळ्यांच्या मते मला हेच उत्तम जमतं.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र चहाच्या वेळी भाऊजींना वाचून दाखव. त्यांनी स्वतः उघडलेल्या घड्याळावरून मी पाहुण्यांसमोर त्यांना अडाणी म्हणालो, त्याला दोन वर्षं झाली. घड्याळाबाबत माझंच बरोबर होतं, बाकी सगळ्यात मी चुकलो. ते जरा जरी हसले तर कळव, मी येतो.

ता. क. २. नाही हसले तरी शनिवारी येतोय, तिकीट काढलंय. त्यांना हवं तेवढं बोलू दे. मी मध्ये तोंड उघडणार नाही.