ह्यूस्टनचा पूर्वपक्ष आणि माधवीची गारंबी

मी, उपेंद्र विश्वनाथ आगटे, वय एकोणऐंशी वर्षे पूर्ण, निवृत्त मुद्रितशोधक, मूळचा राहणार कर्वेनगर, पुणे, सध्या मुक्काम मुलीच्या घरी, ब्लँचर्डस्टाउन, डब्लिन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या इच्छेने आणि कोणाचाही दाब नसताना लिहीत आहे. दाब असता तर बरे झाले असते. निदान दोन वर्षांपूर्वी लिहून झाले असते. माझी प्रकृती स्थिर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यातील 'स्थिर' हा शब्द रक्तदाबापुरताच आहे, बुद्धीला लागू नाही, असे माझ्या जावयाचे म्हणणे आहे. प्रामाणिकपणासाठी तेही नोंदवतो.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे, एकूण सहा, रद्द समजावीत. त्यांपैकी चार भाषा सदोष असल्यामुळे मीच रद्द केली होती. वकीलबाईंनी केलेले एका पानाचे इंग्रजी मृत्युपत्र यासोबत आहे. मालमत्ता त्यात आहे. कारणे यात आहेत.

कलम १. कर्वेनगर येथील दोन खोल्यांची सदनिका आणि बँकेत जे काही असेल ते माझी एकुलती एक कन्या रेवती हिला मिळावे. सदनिका तिने खुशाल विकावी. 'बाबांची आठवण' म्हणून कुलूप लावून ठेवू नये. त्या घरात माझी आठवण म्हणजे स्वयंपाकघराच्या दारावर मी चिकटवलेली 'नेहमी चुकणारे शब्द' ही यादी आहे. तिच्यामुळे घरात कोणाचे काही सुधारले नाही आणि आमटी मात्र तीनदा करपली.

कलम २. चौतीस वर्षे पाठ्यपुस्तकांची मुद्रिते तपासताना वापरलेले भिंग, पितळी पट्टी आणि लाल पेन्सिलींचे खोके नात इरावती हिला द्यावे. वय चौदा. तिला मराठी समजते. उत्तर ती इंग्रजीत देते, तेही ब्लँचर्डस्टाउनच्या इंग्रजीत. पेन्सिली तिने चित्रांसाठी वापराव्यात. दुसऱ्याच्या लिखाणावर वापरू नयेत. मी वापरल्या, आणि त्यामुळे मला पत्र लिहिणारे मित्र कसे कमी होत गेले, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पत्नीने ठेवला होता.

कलम ३. स्वयंपाकघराच्या खिडकीतील कुंडीतला कढीपत्ता. तीन वर्षांत याला चौदा पाने आली. मी ती मोजतो. फोडणीत घालण्याचे धाडस घरात कोणी करत नाही. हे झाड शेजारच्या ब्रेडाबाई गॅलाघर यांना मृत्युपत्राने द्यावे असे ठरवले होते, परंतु आयर्लंडच्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्राच्या साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही. मी त्यांना विचारले, "साक्षीदार होता, की झाड घेता?" त्या म्हणाल्या, "दोन्ही." म्हणून कुंडी काल हयातीतच त्यांच्या हवाली केली. आज सकाळी कुंपणावरून त्यांनी विचारले, "याला पाणी किती घालायचं?" मी म्हटले, "पाणी नको, ऊन हवं." त्यांनी आकाशाकडे पाहिले आणि 'ठीक आहे' याला येथे म्हणतात तसे त्या म्हणाल्या, "ग्रँड. म्हणजे मरणारच."

कलम ४. 'ह्यूस्टन' असे शीर्षक असलेली निळी फाइल, पृष्ठसंख्या २१२. या फाइलचा इतिहास सांगणे भाग आहे, कारण माझी सर्वांत मोठी चूक तिच्यात आहे.

दोन वर्षांपूर्वी रेवतीला ह्यूस्टन येथील एका रुग्णालयाच्या संशोधन विभागातून बोलावणे आले. ती पूर्वी चौदा वर्षे अमेरिकेत होती आणि तेथील नागरिक आहे. त्यामुळे बापाला बरोबर नेण्यात कायद्याची अडचण नव्हती. अडचण बाप हीच होती. मला जायचे नव्हते. तसे घरात सरळ सांगण्याऐवजी डब्लिनच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात 'ह्यूस्टन: एक विचार' या विषयावर सत्तर लोकांसमोर व्याख्यान देणे मला अधिक सभ्य वाटले.

आमच्या परंपरेत वाद करण्याची एक शिस्त आहे. आधी प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण ताकदीने मांडायचे, त्याला पूर्वपक्ष म्हणतात. मग त्याचे खंडन करायचे, तो उत्तरपक्ष. पूर्वपक्ष लंगडा मांडून त्याला पाडणे हे भित्र्याचे लक्षण. मी भित्रा नाही, मूर्ख आहे. तीन महिने अभ्यास केला.

मी सांगितले की ह्यूस्टन शहरात जुन्या ओक वृक्षांच्या फांद्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी येऊन एकमेकींना भेटतात आणि खालून चालणाऱ्याला मांडवातून चालल्यासारखे वाटते. रुग्णालयांचे तेथे एक स्वतंत्र गावच आहे, आणि एखाद्या रोगावर आयुष्य घालवायचे असेल तर त्याच रोगावर आयुष्य घालवणारी माणसे शेजारच्या टेबलावर जेवताना भेटतात. शहरात शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात, त्यामुळे 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न विचारणाराही मूळचा दुसरीकडचाच असतो. जानेवारीत अंगणात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचता येते. मक्याची भाकरी मेक्सिकोची माणसे थापतात, आणि ती ओळखायला मराठी माणसाला शब्दकोश लागत नाही. मराठी नाटकाच्या तालमी होतात, मुलांची रविवारची शाळा भरते. एका पुलाखाली लाखो वटवाघळे राहतात, आणि ती संध्याकाळी बाहेर पडताना पाहायला लोक मुलाबाळांना घेऊन जमतात. ज्या शहराला वटवाघळांचेही कौतुक आहे, ते म्हाताऱ्यांना हाकलणार नाही, असे मी म्हणालो. लोक हसले. मला हसवता येते हे मला सत्त्याहत्तराव्या वर्षी कळले, आणि मी वाहवलो. पूर आला तेव्हा अनोळखी माणसे स्वतःच्या होड्या घेऊन अनोळखी माणसांना सोडवायला निघाली, हे मी दोनदा सांगितले. शेवटी मी म्हटले, "आणि परसात कढीपत्ता छपरापर्यंत वाढतो." त्यावर सभागृहातून जो सुस्कारा निघाला, तो मला अजून ऐकू येतो.

पाणी प्यायलो, पान उलटले, 'उत्तरपक्ष' हा शब्द उच्चारला, आणि मंडळाचे अध्यक्ष परेश यांनी घंटा वाजवली. सभागृह पाच वाजता आयरिश नृत्याच्या वर्गाला द्यायचे होते.

"परेश, मुख्य भाग राहिलाय!"

"काका, याहून मुख्य काय असणार? जबरदस्त झालं! आता खुर्च्या उचलायला लागू या."

उत्तरपक्ष बारा मुद्द्यांचा होता. तो कोणीही ऐकला नाही. पुढच्या वसंतात मंडळातला शैलेंद्र माझे व्याख्यान ऐकून सहकुटुंब ह्यूस्टनला गेला. त्याच्या मागून आणखी दोन कुटुंबे गेली. रेवतीने मात्र नकार कळवला. तो माझ्या युक्तिवादाचा विजय आहे, असे मी दोन वर्षे मानत होतो.

कलम ५. राग. परेश यांच्यावरचा राग मी सोडत नाही. तो माझ्यासोबतच जाईल. साक्षीदाराला काही मिळत नाही हे कळल्याबरोबर मी त्यांना साक्षीदार केले. शैलेंद्रवरचा राग मागे घेतो. तो दर महिन्याला त्याच्या परसातल्या कढीपत्त्याचा फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, 'काका, तुमच्या कृपेने.' प्रत्येक वेळी 'कृपेने' शुद्ध लिहितो, म्हणून क्षमा.

कलम ६. गेल्या मंगळवारी इरावती आणि मी बसने खरेदीला गेलो होतो. मी तिला म्हटले, "ह्यूस्टनवाल्यांनी तुझ्या आईला पुन्हा विचारलंय म्हणे. ती नाहीच म्हणणार. माझे मुद्दे तिला पटलेले आहेत."

इरावती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "आजोबा, शी नेव्हर हर्ड युअर मुद्दे. नोबडी डिड."

"मग नको का म्हणाली?"

"बिकॉज ऑफ यू. शी सेड, ही वोन्ट गो अँड आय वोन्ट लीव्ह हिम. शी क्राइड इन द कार, लाइक." मग तिने माझा हात धरला आणि एकच मराठी शब्द बोलली: "सॉरी." तो मराठी नाही, हे मी त्या क्षणी तिला सांगितले नाही. माझ्या आयुष्यातील अशी ही पहिलीच नोंद असावी.

घरी येऊन मी निळी फाइल उघडली आणि उत्तरपक्षाचे बारा मुद्दे मुद्रिते तपासावीत तसे तपासले. पहिला: उन्हाळा असह्य. लिहिणारा पुण्यात छप्पन्न मे महिने राहिलेला. दुसरा: पाऊस फार. लिहिणारा आयर्लंडमध्ये राहणारा. तिसरा: मोटारीशिवाय कोठे जाता येत नाही. लिहिणारा मोटार असतानाही कोठे जात नाही. चौथा: वादळे. या घरात कढीपत्त्याचे पान गळले तरी कोण वादळ करतो, हे सर्वांना ठाऊक आहे. असे अकरा मुद्दे लाल पेन्सिलीने खोडले गेले. बारावा उरला. तो असा: 'माधवी येथे आहे.'

कलम ७. माधवी, माझी पत्नी, फेब्रुवारी २०२२ मध्ये गेली. तिच्या अस्थी आम्ही स्लायगोजवळ स्ट्रँडहिलच्या समुद्रात सोडल्या, कारण तो किनारा तिला आवडला होता. ब्रेडाबाई मूळच्या तिकडच्या. त्याच आम्हाला पहिल्यांदा गाडीने तेथे घेऊन गेल्या होत्या.

त्या दिवशी वाळूत माधवीला एक बी सापडले: तळहाताएवढे, चपटे, तपकिरी, गुळगुळीत.

"अहो, ही गारंबी आहे! आमच्याकडे गुहागरला मुलं खेळतात हिच्याशी."

मी म्हटले, "माधवी, हा अटलांटिक महासागर आहे. गारंबीचा वेल उष्ण प्रदेशात होतो. येथे ती असणे शक्य नाही."

"समुद्राला विचारलंत का?"

मी विचारले नाही. ती गारंबी नाही, हे मी तिला पुढे तीन वर्षे, पाहुण्यांसमोरही, सिद्ध करून दाखवत राहिलो. ते बी तिने स्वयंपाकघराच्या कपाटात मोहरीच्या डब्यामागे ठेवले. अजून तेथेच आहे.

आता लिहितो ते निळ्या फाइलच्या पृष्ठ १८८ वर आहे. ह्यूस्टनच्या वादळांविरुद्ध पुरावा शोधताना मीच ते उतरवले होते आणि न समजता पुढे गेलो होतो. ह्यूस्टनपासून मोटारीने तासाभरावर गॅल्व्हेस्टनचा किनारा आहे. मेक्सिकोच्या त्या आखातातून समुद्राचा एक उष्ण प्रवाह निघतो, अटलांटिक ओलांडतो आणि त्याची ऊब आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याला लागते. त्या बाजूच्या उष्ण प्रदेशातील वेलींच्या बिया कधी कधी या प्रवाहाबरोबर वाहत इकडच्या वाळूत येऊन पडतात. त्यांपैकी एक जात गारंबीच्याच कुळातली आहे.

म्हणजे माधवीचे बरोबर होते. शास्त्रीय काटेकोरपणाने म्हणायचे तर ती गुहागरची गारंबी नसून गारंबीची तिकडची बहीण होती. तथापि एवढ्या फरकासाठी मी तीन वर्षे भांडलो, हे शुद्धिपत्रात पहिल्या क्रमांकावर घालावे.

ते बी इरावतीला द्यावे. अमेरिकेत नेताना विमानतळावरील कागदावर त्याची नोंद करावी. आमच्या घरातले कोणी काही लपवून नेत नाही. लपवायचे ते आम्ही व्याख्यानात लपवतो.

कलम ८. वादाचा नियम असा आहे की ज्याला उत्तरपक्ष मांडता येत नाही, त्याने प्रतिपक्ष स्वीकारावा. मला मांडता आलेला नाही. घंटेचा दोष नव्हता. सबब मी रेवतीबरोबर ह्यूस्टनला जाण्यास तयार आहे, आणि खोली तळमजल्यावर असावी एवढीच अट घालतो. खोलीला पूर्वेची खिडकी असल्यास उत्तम. अट एकच आहे, हे मी जाणतो. दुसरी ही विनंती समजावी.

मृत्युपत्र मृत्यूनंतर उघडावे, असा प्रघात आहे. हे आज संध्याकाळी चहाच्या वेळी रेवतीने उघडावे. तिला शुक्रवारपर्यंत उत्तर पाठवायचे आहे. तिने होकार न कळवल्यास कलम १ मधील सदनिका मंडळाला जाईल, आणि तेथे परेश यांची भाषणे घंटेशिवाय होतील. रेवती असे होऊ देणार नाही, इतका मी तिला ओळखतो. ती कारमध्ये रडते हे मला माहीत नव्हते, त्याअर्थी पुरेसा ओळखत नाही. त्याबद्दल येथे लेखी माफी मागतो. तोंडी मला जमणार नाही.

कलम ९. येथे असताना मृत्यू आल्यास माझ्या अस्थी थेट स्ट्रँडहिलला न्याव्यात. तिकडे आल्यास त्या घेऊन कोणी विमानाने इकडे येऊ नये. रीतसर परवानगी काढून गॅल्व्हेस्टनच्या समुद्रात सोडाव्यात. प्रवाह सावकाश आहे. माधवीपर्यंत पोहोचायला मला वर्ष लागेल, दीड लागेल. एका बीला जे जमले, ते मला जमावे. वाटेत उत्तरपक्षाचा विचार करण्यास भरपूर वेळ आहे, परंतु तेथे पोहोचल्यावर पहिला प्रश्न कोणता येईल, हे मला आजच ठाऊक आहे.

विचारले आहे, माधवी. समुद्र हो म्हणाला.

वरील मजकूर मी दोनदा वाचला, एके ठिकाणी अनुस्वार दुरुस्त केला आणि खाली नमूद साक्षीदार दोघेही एकाच वेळी समोर बसलेले असताना सही केली. ब्रेडाबाईंना मराठी येत नाही. त्यांनी विचारले, "यात माझ्याबद्दल काही आहे का?" मी म्हटले, "आहे." "चांगलं की वाईट?" "शुद्ध आहे." त्या "ग्रँड" म्हणाल्या आणि त्यांनी सही केली. परेश यांना मराठी येते; म्हणून त्यांना फक्त शेवटचे पान दाखवले आहे.

सही: उपेंद्र विश्वनाथ आगटे

साक्षीदार:
१. ब्रेडा गॅलाघर, शेजारी
२. परेश दिवाकर मोहरीर, मंडळाचे अध्यक्ष

स्थळ: ब्लँचर्डस्टाउन, सध्या
दिनांक: १७ सप्टेंबर २०२५, बुधवार