दुसऱ्या डिस्कवरून

प्रिय रुमेन,

तुझं पत्र स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीखाली ठेवलंय. तू विचारलंस त्याचं उत्तर शेवटी देते. आधी इथली बातमी ऐक. तुझ्या देनित्साने फोनवर सांगितलीच असेल, पण माझ्या बाजूने नसेल सांगितली.

परवा आपल्या लोकगीतांच्या संग्रहाच्या यंत्रातली पहिली डिस्क मेली. नेमकी तेव्हाच स्तामेना आजी आली होती, बहिणीबरोबर तरुणपणी गायलेलं गाणं नातसुनेला ऐकवायला. गाणं थांबलं नाही. दुसऱ्या डिस्कवर सगळ्याची जुळी प्रत होतीच. पण मेलेली डिस्क काढायची तर यंत्र बंद करणं आलं, आणि बंद केलेलं यंत्र पुन्हा उठेल का, हा खरा घोर. तू बसवलेल्या जुन्या यंत्रात गाणी दोन्हीकडे होती, पण यंत्राला जागं करणारा बूटलोडर एकट्या पहिल्या डिस्कवर. तेव्हा ती गेली आणि सगळी गाणी शाबूत असून आपण काळ्या पडद्यासमोर बसलो. तू वैतागून म्हणालास, "घर आहे, सामान आहे, दाराची कडीच उघडत नाही, रालित्सा!" मग एकाच ताटलीतली बानित्सा खात आपण हसत सुटलो. ती दुपार मी आपल्या दोघांचीच समजत होते.

तुझ्या जागी आता यंत्र देनित्साच सांभाळते, तिने ते बंद केलं. खोटं कशाला बोलू, मी मनात म्हणत होते, उठू नये. तिची फजिती व्हावी, तिने रडकुंडीला येऊन तुला फोन लावावा आणि तू म्हणावंस, रालित्साला दे. स्तामेना आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गं, दूध नासल्यासारखं तोंड का केलंयस?"

यंत्र उठलं. दुसऱ्या डिस्कवरून, काही झालंच नाही असं. देनित्साने नवी डिस्क बसवली, प्रत उतरायला लावली आणि न विसरता बूटलोडर तिच्यावरही घातला. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? "रुमेनने, ताई. तुमची जुनी गंमत सांगितली त्याने, बानित्साचीसुद्धा. म्हणाला, रालित्सावर आली तशी वेळ तुझ्यावर नको." आणि मला मिठी मारली वेडीने. गळ्यात तुझा राखाडी मफलर होता.

इथलं काम सोडून वार्ना शहरात जाईपर्यंत तू माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचास. मी काही विचारलं की "राहू दे, मी बघतो" म्हणायचास. मला वाटायचं, हीच माया. तिला मात्र तू सगळं शिकवलंस.

तुम्ही दोघांनी विचारलंय, लग्नात कुमा होशील का, आमच्या डोक्यांवर मुकुट धरशील का. कुमा म्हणजे जन्माचं नातं. उद्या तुमच्या लेकरांची नावंही मीच ठेवायची. नाही होणार माझ्याच्याने, रुमेन. पोरगी वाईट असती तर कदाचित झालंही असतं. तिला काहीही कारण सांग, तिचा जीव दुखवू नकोस. खरं कारण एकट्या तुला कळावं म्हणून हे लिहिलं. लग्नाला येईन, होरोच्या रांगेत शेवटच्या टोकाला नाचेन. खाली ‘तुझीच’ लिहायला हात गेला होता, आवरला.

तुझी मैत्रीण,
रालित्सा