बहराआधी ठेवलेलं नाव

४ फेब्रुवारी

नणंदेचा फोन. आता ती माझी नणंद राहिली नाही म्हणा, सह्या होऊन वर्ष उलटलं — पण दुसरं काय म्हणू तिला? आधी इकडचं तिकडचं. तुझा खोकला कसा आहे, तिथे पाणी बरं आहे का. मग म्हणाली, दादाला मुलगी झाली. मी म्हटलं, बरं झालं. मनापासून म्हटलं. मग ती घुटमळली. बाळाला अजून सगळे नुसतं बाळच म्हणतात म्हणे. घरात बोलणं चाललंय, ते नाव ठेवावं. तुमच्यावालं. पण तू हो म्हणालीस तरच.

फोन ठेवून दिला. दुपारभर कामावर गुलाबाच्या खुंटांच्या बुडाचे फुटवे काढत बसले. अंगठा कापला. इतका राग आलेला की रक्त उशिरा दिसलं.

५ फेब्रुवारी

नाही देणार. बस्स.

९ फेब्रुवारी

या गावात मी आले ती बस चुकली म्हणून. आधी बेकरी, मग एका लॉजच्या चादरी, मग शिवणाच्या कारखान्यात बटणं लावणं — कुठेच बूड टेकत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी. इथे मात्र टिकलेय. गुलाबांची रोपवाटिका आहे. मोठं काचघर, मागे वाफे. कामाला आम्ही दोघंच. मी आणि मुकादम. त्याला सगळे वेधशाळा म्हणतात. रोज सकाळी आभाळ बघून सांगतो, आज कोरडं. आम्ही लगेच ताडपत्री शोधायला लागतो.

मालकीणबाई नवे गुलाब तयार करतात. एका फुलातला पराग कुंचल्यानं दुसऱ्याला लावायचा, बी धरायचं, पेरायचं. ढिगानं रोपं उगवतात आणि त्यातली बहुतेक फेकायचीच असतात. प्रत्येक रोपाला पत्र्याची पट्टी, पट्टीवर आकडा. नाव नाही! तिसरा बहर बघितल्याशिवाय त्या नाव ठेवूच देत नाहीत. पहिल्या दिवशीच मला म्हणाल्या होत्या, "आकडा उपटता येतो. नाव उपटताना हात थांबतो."

आज काचघराची एक काच तडकलेली दिसली. कडेच्या, काच धरून ठेवणाऱ्या पुटीचा भुगा झालाय. हे मला कळतं याचाच राग आला. काचवाल्याची बायको होते ना मी.

१४ फेब्रुवारी

बाहेर वेधशाळा गातोय. गाणं कसलं, मांजराला पिंजऱ्यात घातलंय. मांजरावरून आठवलं, बेकरीतलं ते मांजर अजून तिथेच असेल का? पिठात लोळून पांढरं व्हायचं आणि गिऱ्हाईक म्हणायचं, काय गोड मांजर —

नको. आज लिहायचं ठरवलंय तर लिहिते.

आमची खोली दोन इमारतींच्या मध्ये. खिडकी उघडली की समोर भिंत. मी त्याला टोमणे मारायची, लोकांच्या घरात उजेड बसवतोस आणि स्वतःच्या घरात दिवसा दिवा! सकाळी मात्र जरा वेळ, दोन भिंतींच्या फटीतून, उन्हाचा एक पट्टा आत यायचा. सरकत सरकत बिछान्यावर. तेव्हा मला सातवा. एकदा तो पट्टा बरोबर पोटावर आला आणि आतून लाथ बसली. त्यानं हात ठेवला आणि म्हणाला, "आली बघ तिरीप."

तेच नाव झालं. तिरीप.

पहिल्यांदाच लिहिलं. लिहिताना काही झालं नाही. वाचताना झालं.

सासूबाई म्हणाल्या, हे काय नाव? शाळेत पोरं तिरपी म्हणून हाका मारतील. आणि जन्माच्या आधी नाव घेऊ नये गं. तो हसला. "तिरपीच येते ती, आई. सरळ येणारं ऊन काय, सगळ्यांनाच मिळतं."

मग रोज आम्ही पोटाशी तोंड नेऊन हाका मारायचो. वेड्यासारख्या.

१५ फेब्रुवारी

राहिलेलं. ती आली आणि रडलीच नाही. नर्स पट्टी घेऊन आली, पायाला बांधायची. विचारलं, नाव ठेवलंय का? मी अजून गुंगीत होते, तोंड उघडेना. तो म्हणाला, "नाही. नाव नाही ठेवलेलं."

पट्टीवर नुसतं माझं आडनाव आणि मुलगी, एवढंच.

तो रडलाही नाही. घरी येऊन खिडकीची काच पुसत बसला. मी पुढे काही महिने राहिले, पण खरं तर त्या 'नाही'लाच मी घर सोडलं होतं. ज्यानं तोंडावर नाही म्हटलं त्याला आता ते नाव हवंय होय? दुसरीच्या मुलीला?

२० फेब्रुवारी

बाजारात पुस्तकांच्या दुकानासमोर थांबले. बाळांच्या नावांचं जाड पुस्तक. त उघडलं. तन्वी, तपस्या, तरंगिणी, तारका, तितिक्षा. एकेका नावापुढे अर्थ, कुठून आलं ते, कुणाला शोभेल तेही! तिरीप नाही. दुकानदार म्हणाला, कितवा महिना? मी म्हटलं, माझ्या बहिणीसाठी बघतेय. बहीण नाहीच मला.

मग फोनवर शोधलं. कुठलं नाव किती लोकांचं आहे ते सांगणारं एक पान असतं. टाइप केलं. वर्तुळ फिरत राहिलं, मग आलं: या नावाची एकही नोंद सापडली नाही.

आधी बरं वाटलं. म्हणजे फक्त माझंच. मग रस्ता ओलांडताना लक्षात आलं — एकही नाही म्हणजे तीसुद्धा नाही.

१ मार्च

नव्या रोपांना पहिला बहर. काचघराच्या कोपऱ्यातल्या एकाला फिकट पिवळं फूल आलंय, पाकळ्या धड पाचसुद्धा नाहीत, मान एका बाजूला. तडकलेल्या काचेतून सकाळचं ऊन बरोब्बर त्याच्यावर पडतं. कुणी सांगितलं होतं तिथे पडायला?

पट्टी काढली, उलटी केली, मागच्या बाजूला खिळ्यानं नाव कोरलं आणि परत मातीत खोचली. झालं. आता ते नाव दिलेलं आहे. नणंदेला सांगता येईल, गेलं ते, दुसऱ्या कुणाचं आहे.

सांगितलं मात्र नाही. ती परत फोन करत नाही. करावा असंही वाटतं!

१२ मार्च

आज निवड. मालकीणबाई रोपांच्या रांगांतून चालत जातात, हात पाठीमागे. फूल बघतात, पान उलटं करून बघतात. जे रोप नको त्याची पट्टी मधून दुमडतात. बोलत नाहीत. मागून आम्ही दुमडलेल्या पट्ट्यांची रोपं उपटून शेकोटीत टाकायची. ठेवलेली रोपं हाताच्या बोटांवर मोजावीत, एवढी कमी.

माझ्या रोपापाशी त्या थांबल्यासुद्धा नाहीत. चालता चालता दुमडली.

वेधशाळा पलीकडच्या रांगेत होता. मी पट्टी सरळ केली. दगडावर ठोकून घडी काढली. माती सारखी केली आणि पुढच्या रोपाला हात घातला.

१९ मार्च

काचघरात एका मोठ्या गुलाबाला तिसरा बहर आलाय. चहात दूध जरा जास्त पडावं तसा रंग. मालकीणबाई इतक्या वर्षांत अशा खूश मी बघितल्या नाहीत — इतकी वर्षं काय, मी आले पावसाळ्यात! पण वेधशाळाही तेच म्हणतो. आता याला नाव द्यायचं. वेधशाळा म्हणाला, माझ्या बायकोचं द्या, ती माहेरी रुसून बसलीय, ऐकून परत येईल. बाई म्हणाल्या, फुलाला बघायला येईल रे, तुझ्याकडे बघून आल्या पावली जाईल.

खूप हसलो. बऱ्याच दिवसांनी पोट दुखलं हसून. मग बाईंनी मला विचारलं, तुला सुचतंय का एखादं? तुझ्या तोंडात सारखं काहीतरी अडकलेलं असतं.

मी म्हटलं, नाही. नाव नाही.

आणि माझ्याच आवाजात ऐकलं, तो नर्सला कसं म्हणाला होता ते. हुबेहूब तसंच.

२८ मार्च

माझ्या रोपाच्या पानांवर काळे ठिपके. पुसले. पुसून जातात का ते! औषध मारलं, कुणाला न सांगता.

३१ मार्च

शेजारच्या कुंडीलाही ठिपके. मग त्याच्या शेजारच्या. आणि आज त्या दुधाळ चहाच्या रंगाच्या गुलाबाला. खालची पानं पिवळी पडून गळतायत.

२ एप्रिल

मालकीणबाईंनी एक एक कुंडी बघत माग काढला आणि कोपऱ्यात येऊन थांबल्या. पट्टी उपटली. घडीची खूण दिसली. उलटी केली. मी पाण्याची झारी धरून उभी. झारीतून पाणी माझ्याच पायावर.

"ही कोण?" त्या म्हणाल्या.

"माझी मुलगी."

"असते कुठे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पट्टीकडे. वेधशाळेला त्यांनी पाणी बघून यायला मागे पाठवलं. मग उलट्या कुंडीवर बसल्या. मी सगळं सांगितलं. पोटाशी मारलेल्या हाका, नर्सची पट्टी, नणंदेचा फोन, सगळंच. मधेच म्हटलं, आता तुमचा गुलाब माझ्यामुळे गेला. मला काढून टाका.

त्या म्हणाल्या, त्याचे डोळे निरोगी फांदीवरून घेऊन मी पलीकडच्या खुंटांवर कधीच कलमं केलीत, गुलाब कुठे जात नाही. दोन वर्षं मागे गेला एवढंच. उठताना पट्टी माझ्या हातात दिली.

"रोप जाळ आजच. नाव जाळू नकोस. पण असं मातीतही पुरून ठेवू नकोस गं. नाव हाक मारायला असतं."

मीच उपटलं. मुळं एवढीशी होती! ओलं असल्यामुळे पेटेना, नुसता धूर. वेधशाळा आला, शेजारी उभा राहिला. म्हणाला, आज पाऊस नाही. मग पडलाच जरासा.

३ एप्रिल

पट्टी उशीखाली. टोचते.

६ एप्रिल

नणंदेचा नंबर लावला. पहिली रिंग वाजायच्या आत कापला. तिला काय सांगणार? हो म्हणायला गेले तर गळ्यात तो 'नाही' येऊन बसतो, त्याचा.

९ एप्रिल

त्याच्या बायकोचा फोन. आवाज कोवळा. ताई म्हणाली मला. म्हणाली, ते नाव ठेवूया असं मीच म्हणत होते, त्यांनी कधीच नाही. ते तर मला म्हणाले, ते नाव तिचं आहे, द्यायचा हक्क मला नाही. मी विचारलं, मग तुला कळलं कसं?

"झोपेत हाका मारतात, ताई. मला आधी वाटलं, कुणी बाई आहे. विचारलं तर इतके रडले. म्हणाले, नर्सला नाव सांगितलं असतं तर ते त्या पट्टीबरोबर तिथेच राहिलं असतं."

मी हो म्हटलं. आता त्याच्या हाकेला कुणीतरी ओ देईल.