हवा किती ठेवायची

१० डिसेंबर

परत पंक्चर! आठवड्यात तिसरं. मामंजी सायकल ढकलत आले. पायजम्याला कुसळं, कपाळावर घाम. सासरा माउंटन सायकल घेऊन शेताला जातो म्हणून अख्खं वालूर हसायलंय. डॉक्टरनं व्यायाम सांगितला म्हणे. पण डॉक्टरनं तर चालायला सांगितलं होतं – मी होते की सोबत!

ओसरीवर बसून त्यांनी चाक खोललं आणि ट्यूब माझ्यासमोर धरली. "राजेश्री, हे बघ गं. दोन भोकं. शेजारी शेजारी."

मी बघून न बघितल्यासारखं केलं. दोन भोकं म्हणजे काटा नव्हे. हवा कमी होती, चाक दगडावर आपटलं, ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चेपली. कॉलेजात आम्ही त्याला साप चावला म्हणायचो. अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.

मी सायकलच्या रेसा केल्यात हे या घरात कुणाला माहीत नाही. निदान मला तसं वाटतं. लग्न ठरताना कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

१२ डिसेंबर

जीवनचा फोन. दोन मिनिटं. या शनिवारीही पुण्याहून येणार नाहीत, कंपनीत काम लय आहे म्हणे. मामंजींच्या सायकलचं मी काही बोलले नाही. नवऱ्याला सांगायला एवढी गंमत होती – का नाही सांगितली?

१३ डिसेंबर

पंक्चर नको म्हणून मामंजींनी हवा टम्म भरली. दगडासारखं टायर. आणि पडले! कोपर सोलून आले. "टाईट केली तर उधळल्यावानी करायली गं. बारीक खड्यावरनंबी उडायली."

सासूबाई हळद लावत होत्या. मला राहवलं नाही. "मामंजी, एवढी टाईट नका ठेवू. पंपाच्या मीटरवर अठ्ठावीस ठेवा. आन् दगड आला की बुड उचला सीटवरनं."

बुड! सासऱ्याला! सासूबाईंचा हात तिथल्या तिथं थांबला. मला जमीन फाटून आत जावंसं झालं.

मामंजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "पुढच्या चाकात किती, मागच्यात किती?"

पुढच्यात थोडी कमी, म्हणलं मी. आणि आत पळाले. आता विचार करायलेय – हा प्रश्न नवख्याला सुचतो का?

१९ डिसेंबर

आज परभणीहून योगीराज नावाचे एकजण आले, तिथल्या सायकल ग्रुपचे. मामंजींनी बोलावलेले. त्यांनी दोन्ही ट्यूबा काढून बाजूला टाकल्या. मी दारातून बघत होते, मग कधी ओसरीवर आले कळलं नाही.

आमच्या वेळी हे नव्हतं, म्हणजे आमच्या कॉलेजात तरी नव्हतं. रिमला आतून टेप. त्यात वेगळा वाल्व. टायरच्या आत दुधासारखं औषध. काटा घुसला की ते दूध भोकाकडे धावतं आणि तिथंच गोठतं. आणि ट्यूबच नाही तर चेपणार काय? म्हणून हवा कमी ठेवली तरी चालते. कमी हवेचं टायर दगडावर पसरतं, धरून ठेवतं.

डोकं फिरलं माझं. कमी हवा म्हणजे पंक्चर, एवढं एकच मला पक्कं माहीत होतं!

आणखी एक. त्यांच्या पंपाचं मीटर बावीस दाखवायचं, त्याच टायरला आमचं सव्वीस. खरं कुठलं? योगीराज म्हणाले, "कोणतंबी धरा. पण एकच धरा. आज हे, उद्या ते केलं की घोळ होतो."

मग माझ्याकडे वळून – "ताई, तुमचं वजन किती? वजनावर असते हवा."

बावन्न, म्हणलं मी. सायकल मामंजींची, वजन माझं कशाला? मामंजी लिंबाच्या झाडाकडे बघत होते.

२० डिसेंबर

आज विचारलंच. "मामंजी, सायकल कुणाची?"

"तुझी."

"आन् मला कधी सांगणार होता?"

"तू मागशील म्हणून वाट बघायलो. तू कुठं मागतीस. मला तर गुडघे लागतेत हँडलला." मग म्हणाले, "तुझ्या भावानं लग्नातच सांगितलं होतं. राणीसावरगावच्या डोंगरात ही पोरगी पोरांच्या पुढं असायची म्हणून."

म्हणजे तीन वर्षं माहीत होतं! मग तीन वर्षं कुणी काही का बोललं नाही? आणि आता का? मी "का?" म्हणलं तर मामंजी सुपारी शोधायला लागले. सासूबाई ताट अर्धं टाकून उठल्या.

माझं काही चुकलं का?

२८ डिसेंबर

रोज पहाटे जाते. नाल्याच्या कडेनं मळ्यापर्यंत आणि परत. पाय अजून आठवण ठेवून आहेत. श्वास नाही.

आज वाटेवर सराटेच सराटे होते. घरी येऊन बघते तर दोन्ही टायर नुसते टोचलेले. एकेक उपटला. प्रत्येक भोकातून दुधाचा थेंब, थोडा फेस – बंद! हवा तेवढीच. मी एकटीच हसत बसले.

अजून कमी करून बघितली. पंधरा. वळणावर टायर कूस बदलल्यासारखं लोळलं, आणि दगडावर रिम ठण्ण वाजली. परत वाढवली. मऊ वेगळं आणि ढिलं वेगळं, हे अंगठ्यानं दाबून कळत नाही, चालवूनच कळतं.

निघताना सासूबाईंनी कानाला स्कार्फ बांधला. "वारं लागतंय." बांधताना त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. हल्ली बघतच नाहीत. रागावल्या असतील तर स्कार्फ कशाला बांधतील? रागावल्या नसतील तर बघत का नाहीत?

५ जानेवारी

मामंजींनी रेसमध्ये माझं नाव दिलं! १९ तारखेला, राणीसावरगावच्या डोंगरात. माझ्या माहेरच्या डोंगरात! विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

मी जीवनना फोन केला. तर – "ही थेरं कुणी सांगितली तुला? लोक काय म्हणतील? बाबांना दे."

मामंजी फोन घेऊन गोठ्याकडे गेले. मला एवढंच ऐकू आलं – "तू बोलू नको. तू तर बोलूच नको!" परत आले. फोन बाजेवर टाकला, जेवले नाहीत.

एका सायकलीवरून बापलेकात एवढं? मी म्हणलं, मामंजी, मी नाही जात, राहू द्या. तर माझ्यावरच ओरडले, "जायचं! जायचं म्हणजे जायचं!"

त्यांनी आवाज चढवलेला पहिल्यांदा ऐकला. मला कुणासाठी जायचंय तेच कळेना झालंय.

१८ जानेवारी

माहेरी. मामंजीही इथंच उतरलेत, भावाशी गहू-हरभऱ्याचं बोलत बसलेत. आईनं विचारलं, "जावईबापू न्हाई आले?" काम आहे, म्हणलं. आई बघत राहिली.

दुपारी डोंगर बघून आले. गारगोट्या सगळीकडे, चढावर सुटी खडी. मी म्हणलं पुढं अठरा, मागं वीस. मामंजी म्हणाले, "एवढ्या दगडात? चोवीस ठेव. मधीच चाक बसलं तर?" वाद घालवेना. चोवीस ठेवली.

१९ जानेवारी

सगळं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

पहिल्या चढालाच चाक खडीवर नाचायला लागलं. मी जोर लावायची, मागचं चाक जागच्या जागी फिरायचं. उतारावर तर दात वाजले. पहिला फेरा संपला तेव्हा सातवी होते. आणि मी थांबले! रेसमध्ये! खाली उतरले, वाल्व दाबला. फुस्स… पुढचं, मग मागचं. मीटर नाही, काही नाही, नुसता अंदाज. दोघीजणी बाजूनं निघून गेल्या. दोरीपलीकडून मामंजी ओरडायले – "अगं काय करायलीस! बसशील!"

मी म्हणलं, "बसू द्या!"

मग त्याच चढावर सायकल सरड्यासारखी चिकटून वर गेली. खरंच सांगते, तोच चढ, तीच मी. एकेक पोरगी मागं पडली. उतारावर एका धारदार दगडावर मागची रिम आपटली, पोटरीवर दूध उडालं. गेलं, म्हणलं. संपलं. पण चाक फिरत राहिलं, फुसफुस हळूहळू थांबली. हवा आणखी कमी झाली, पण उरली.

तिसरी आले.

आई पळत आली, भाऊ आला. मामंजी सगळ्यांच्या मागं उभे होते. मी पाया पडायला वाकले तर डोक्यावर हात ठेवला आणि रडायला लागले. ढसाढसा. लोक बघायले. तिसऱ्या नंबराला कोण रडतं एवढं? "मामंजी, काय झालं?" तर सायकल धरून पुढं निघाले.

जीवनना फोटो पाठवला. त्यांनी बघितला, एवढंच.

२१ जानेवारी

वालूर. मामंजींनी सांगितलं. सासूबाई दाराला धरून उभ्या होत्या.

जीवनचं पुण्यात दुसरं घर आहे. बाई आहे. पाच महिन्यांचं लेकरू आहे. या दोघांना दिवाळीत कळलं.

"कसं सांगावं सुचंना, पोरी. तू दिवसभर गप बसायचीस, बघवंना. म्हणून सायकल आणली. दुसरं काय करावं तेच कळंना."

सासूबाई माझ्या पायाकडे वाकल्या. मी मागं सरले.

मामंजी म्हणाले, "माहेरी सोडू का तुला?"

"न्हाई," म्हणलं मी. "पुण्याची दोन तिकिटं काढा. तुमीबी चला."