लॅबचा मेन स्विच

१४ मार्च १९९७, लासुर्णे

आज इंदापूर स्टँडवर सुनंदा भेटली. कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदाच. बारामतीच्या लॅबमध्ये आम्हा दोघांत एक कॉम्प्युटर. मी मजकूर वाचायचो, ती वर्डस्टारमध्ये टाइप करायची. एके दिवशी सरांनी तिला दुसऱ्या पोराशेजारी बसवलं आणि माझं डोकं फिरलं. दाराजवळचा मेन स्विच पाडला, बाहेर काढलेल्या चपला घातल्या अन् निघालो. परत गेलोच नाही. सगळ्यांना वाटलं, लाईट गेली.

"लाईट गेली न्हवती, तू घालवलीस," ती म्हणाली. "माझी तीन पत्रं गेली. सेव्ह केली न्हवती."

"मग सरांना सांगायचं की!"

"तुला काढून टाकलं असतं. म्हयनाभर तुझी खुर्ची कुणाला देऊ दिली न्हाय मी."

माझ्यासाठी? आणि मी काय बोललो? 'चुकलो' एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो, "त्यात काय, परत टाइप होतंय की."

बारामतीची गाडी लागली, ती चढली. लासुर्ण्याला यायला मलाही तीच गाडी होती. तिच्या शेजारी जागासुद्धा होती. ताठ्यात गाडी सोडली, आणि तासभर स्टँडवर उभा राहिलो.